घराची आवक-जावक

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी आमच्या दारात टेम्पो येऊन उभा राहिला. त्यातून चौदा खोकी उतरली, एक व्यायामाची सायकल, नातीचा पाळणा आणि पॅकिंगसुद्धा न फोडलेला एक ज्यूसर. मागोमाग मोटारीतून मुलगा आणि सून.

"आई, नव्या वर्षापासून आम्ही मिनिमलिझम करतोय," सून म्हणाली. "अगदी मोजक्या वस्तूंत राहायचं. बघा, घर कसं मोकळं झालंय!" तिने मोबाइलवर फोटो दाखवला. नवी मुंबईतला उलव्याचा त्यांचा फ्लॅट ओळखू येत नव्हता. पांढरी भिंत, एक कुंडी, एक चटई, खिडकीतून येणारं ऊन. खरंच छान दिसत होतं.

"आणि हे?" मी खोक्यांकडे बोट केलं.

"ते तुमच्या माळ्यावर ठेवू ना. तुमचं घर मोठं आहे."

सुनेला विचारूनच हे लिहिते आहे. ती हसली आणि म्हणाली, "लिहा, पण ज्यूसर माझ्या माहेरचा नाही, तुमच्या लेकाला ऑफिसच्या सोडतीत लागलाय, हेही लिहा." लिहिलं. मुद्दा ज्यूसरचा नाहीच. उलव्याचं घर रिकामं झालं आणि उरणजवळच्या करंज्यातलं आमचं भरलं. साऱ्या हिशेबात वस्तू एकही कमी झाली नाही, तिने फक्त गाव बदललं. शहरातली कितीतरी नीटनेटकी घरं गावाकडच्या एखाद्या माळ्याच्या जिवावर नीटनेटकी असतात, हे त्या संध्याकाळी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभी असताना मला कळलं.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. त्यातली शेवटची आठ मुख्याध्यापिका म्हणून. शाळेच्या कपाटात दोन वह्या असतात. बाहेरच्यांना त्यांचं हसू येतं आणि तपासणीच्या दिवशी मुख्याध्यापकाला त्यांच्यामुळे घाम फुटतो. एक आवक-जावक नोंदवही. शाळेत आलेलं प्रत्येक पत्र आवकेत, गेलेलं प्रत्येक पत्र जावकेत. दुसरी जडवस्तू संग्रह नोंदवही. शाळेतली खुर्ची, घंटा, पृथ्वीगोल, पाण्याचं पिंप, सगळं त्यात क्रमांकानिशी. खुर्ची मोडली म्हणून उकिरड्यावर फेकता येत नाही. तिचं 'निर्लेखन' करावं लागतं. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, वर प्रस्ताव, मंजुरी, मग लिलाव. माझ्या टेबलामागे तीन पायांची एक खुर्ची भिंतीला टेकून चार वर्षं मंजुरीची वाट बघत होती. त्या नियमाला मी किती शिव्या घातल्या असतील!

पण खोकी माळ्यावर चढवताना मला त्या खुर्चीची आठवण झाली. शाळेतून वस्तू घालवणं एवढं जिकिरीचं, की ती आणतानाच आम्ही दहादा विचार करायचो. "बाई, नोंद कोण करणार?" एवढ्या एका प्रश्नावर कितीतरी खरेद्या टळल्या. घरात मात्र येणाऱ्या वस्तूला कुणी अडवत नाही, कुणी क्रमांक देत नाही. जाणारीबद्दल सगळे बोलतात. नव्या वर्षात काय काय टाकलं, याच्या याद्या लोक एकमेकांना पाठवतात. मिनिमलिझमचा सगळा बोलबाला जावकेचा. आवकेची वही कुणी उघडतच नाही.

म्हणून १ जानेवारीला मी दोनशेपानी वही घेतली आणि रकाने आखले. अनुक्रमांक, वस्तू, कधी आली, कुठून आली, शेवटची कधी वापरली, शेरा. आमचे हे स्टूल धरून उभे. नऊ दिवस ही मोजणी चालली होती. कपडे, पुस्तकं आणि देवघर सोडून ४०८व्या नोंदीवर मी थांबले.

सगळ्यात बोलका निघाला 'कुठून आली' हा रकाना. गरज होती म्हणून विकत आणलेल्या वस्तू १३१. स्वस्त होती, सेल होता, एकावर एक फुकट होती म्हणून आणलेल्या ६४. हळदीकुंकवाच्या वाणातून आलेल्या ७२. लग्न, बारसं, वास्तुशांत यांचे आहेर ५८. मुलाच्या टेम्पोतून आणि त्याआधीच्या खेपांतून ३९. आणि 'आठवत नाही' अशा ४४.

म्हणजे तीनातली एक वस्तू आम्ही हवी म्हणून आणली. बाकीच्या दोन आपल्या पायांनी आल्या. वाणाच्या ७२ मध्ये स्टीलच्या वाट्या ४३, प्लास्टिकचे डबे १७, उरलेल्या बारांत चहाच्या गाळण्या, साबणदाण्या, छोट्या पर्स. घरात माणसं दोन आणि वाट्या त्रेचाळीस. ह्यांनी शांतपणे विचारलं, "एवढी आमटी कोण पिणार?"

एक नोंद मात्र वेगळी. ह्यांच्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत घड्या पडून तुटायला आलेला एक कागद सापडला. त्यावर 'मौजे करंजा, पेटा उरण, तालुका पनवेल, जिल्हा कुलाबा'. उरण तेव्हा स्वतंत्र तालुका नव्हता, पनवेलचा पेटा होता. कुलाब्याचा रायगड झाला तो १ जानेवारी १९८१ ला, म्हणजे तेही एक नवं वर्षच. त्या कागदाने आज कुठलंच काम होणार नाही. शेऱ्यात लिहिलं : 'उपयोग नाही. ठेवणे.' मोजक्या वस्तूंत राहायचं तर असा शेरा लिहायचीही मुभा स्वतःला द्यायला हवी.

आवक कळली. आता जावक. ती करायची कुठे?

आमचं गाव म्हणजे टोक आहे. पाठीशी द्रोणागिरीचा डोंगर, त्याच्या कुशीत द्रोणागिरी देवी, समोर धरमतरची खाडी आणि पलीकडे रेवस. लाँचने पंधरा-वीस मिनिटं, रस्त्याने गेलात तर पेणला वळसा घालून दोनेक तास. पोर्तुगीज तर अख्ख्या उरण बेटालाच करंजा म्हणत. अशा टोकावर 'टाकून दिलं' म्हणजे काय? भंगारवाला पितळ नेतो, लोखंड नेतो, स्टीलही वजनावर नेतो. प्लास्टिकचे डबे बघून मान हलवतो. बाकीचं जातं कुठे, तर गावाच्या कडेला. आणि आमच्या गावाची कड म्हणजे खाडी. ओहोटी ते घेऊन जाते, भरती घेऊन येते.

माझा धाकटा भाऊ तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा म्होरक्या आहे. माहेर आणि सासर दोन्ही करंज्यातच, पाडा तेवढा वेगळा. त्याची डोल लागते. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते : डोल म्हणजे मोठ्या पिशवीसारखं जाळं. तोंड रुंद, शेपूट निमुळतं. पाण्याच्या ओढीसमोर तोंड करून ते खुंटांना बांधून ठेवतात. डोलीला मासळीमागे धावावं लागत नाही, पाणी आणील ते आत येतं. जवळा येतो, बोंबील येतो, कोळीम येते. त्याबरोबर वेफरची पाकिटं, चपला, बाटल्या, लहान मुलांची डायपर, निर्माल्याच्या पिशव्या येतात. डोल पारखून घेत नाही. राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली २०१८ साली, पण डोलीत त्या अजून येतात. जवळ्यातून कचरा वेगळा करत खलाशी वाकून बसलेले असतात, आणि त्या वेळेचा पगार त्यांना कुणी देत नाही.

भावाला मी माझी वही दाखवली. नव्या वर्षात घर साफ करते आहे, असं कौतुकाने सांगितलं. तो ओटीवर जाळं तुणत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "बाय, तुमी वर्साला एकदा घर साफ करता. आमी रोज तुमचा घर साफ करताव."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. तेव्हापासून 'टाकून दिलं' हे शब्द मी तोंडातून काढताना थबकते. दिलं म्हणजे कुणाला दिलं? जिथून ते माझ्या नजरेआड होतं, तिथे कुणाची तरी डोल लावलेली असते.

आता आवकेकडे पुन्हा येते, कारण खरी मेख तिथे आहे.

पूर्वी करंज्यात वस्तू यायची ती किती कष्टाने! मोऱ्याच्या बंदरावर जायचं, लाँचने मुंबईचा भाऊचा धक्का गाठायचा, क्रॉफर्ड मार्केट पालथं घालायचं आणि ओझं घेऊन परतायचं. तेही पाण्याची वेळ बघून, कारण ओहोटीला मोऱ्याच्या धक्क्याला लाँच नीट लागत नाही. माझी आई भाऊच्या धक्क्यावरून पाटीत मासळीऐवजी एखादं पातेलं घेऊन यायची, तेव्हा त्याचं वजन आधी तिच्या मानेला कळलेलं असायचं. किमतीआधी वजन. खरेदीला यापेक्षा चांगली चाळणी मी अजून पाहिलेली नाही.

मग १९८९ मध्ये न्हावा-शेव्याला बंदर सुरू झालं. आमचे हे पुढच्याच वर्षी तिथे लागले आणि क्रेनवर राहून निवृत्त झाले. देशातून कंटेनरने जाणाऱ्या-येणाऱ्या मालाचा मोठा वाटा या एका बंदरातून जातो. वीस फुटी डबा एक धरला, तर २०२४-२५ या वर्षात तिथे ७० लाखांहून अधिक डबे हाताळले गेले. त्यातले पुष्कळ भरून परदेशी जातात, हेही खरं. ह्यांना विचारलं, एवढ्या वर्षांत काय काय उतरवलंत? म्हणाले, "डबे. आत काय होतं ते एकदाही पाहिलं नाही." मला ते उत्तर आमच्या माळ्यासारखं वाटलं.

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला, पावणेबावीस किलोमीटरचा. त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही आली. या दोन्हींसाठी आम्ही वर्षानुवर्षं वाट बघितली आहे, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. रात्री-अपरात्री पेशंटला मुंबईला न्यायचं म्हणजे काय असतं, ते आम्हाला विचारा. पण ज्या रस्त्याने रुग्णवाहिका वेगाने जाते त्याच रस्त्याने कुरिअरवालाही वेगाने येतो. आता पाड्याच्या तोंडाशी दिवसाला पाच-सहा डिलिव्हरीवाली मुलं फोन लावत उभी असतात. सगळी अंतरं मिटली तशी आईच्या मानेवरची ती चाळणीही मिटली. आता चाळणी आपण स्वतः धरायला हवी.

इथे कुणी म्हणेल, ही चाळणी तर जपानच्या मारी कोंडोने केव्हाच दिली आहे. वस्तू हातात घ्या, मनात आनंदाची ठिणगी उडाली तर ठेवा, नाहीतर आभार मानून निरोप द्या. १ जानेवारी २०१९ ला नेटफ्लिक्सवर तिचा कार्यक्रम आला तेव्हा सुनेने तो मला सलग दाखवला होता. बाई गोड आहे. आणि प्रामाणिकही : तिसरं मूल झाल्यावर आपलं घर पूर्वीसारखं आवरलेलं नसतं आणि ते चालतं, असं २०२३ च्या जानेवारीत तिनेच सांगून टाकलं. पण तिची कसोटी मी भावाच्या ओटीवर लावून बघितली. जुन्या जाळ्यांचे ढीग, दोरखंड, फ्लोट, शिशाच्या गोळ्या, इंजिनाचे सुटे भाग. हातात घेऊन आनंदाची ठिणगी वगैरे उडत नाही, वास येतो.

"यातला थोडा काढून टाक की," मी म्हटलं.

"यो पसारा नाय, बाय. भर पाण्यात दोरी तुटली तं मी काय तुज्या वहीत बगू?"

बरोबर होतं त्याचं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. दोन महिने होडी वर ओढलेली, हातात पैसा नाही. ज्या घराने ती दोन महिन्यांची कळ काढायची, त्या घरात तांदूळ भरलेला लागतो, सुकट आणि सुके बोंबील डब्यात लागतात, जळण कोरडं लागतं, तुटलेली दोरीसुद्धा लागते. आई पावाची प्लास्टिक पिशवी धुऊन वाळत घालायची, "टाकू नको, लागंल" म्हणायची. आम्ही तिला चिडवायचो. ज्याला पुन्हा विकत घेणं परवडतं त्यालाच 'हे मला नको' असं ऐटीत म्हणता येतं, हे आम्हाला तेव्हा समजलं नाही. मोकळ्या भिंतीचा फोटो काढणाऱ्याच्या खिशात, लागलं तर उद्या सगळं परत आणायचं कार्ड असतं.

आपल्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत आणि त्यांत एका अक्षराचा फरक आहे. साठवलेलं आणि साठलेलं. भावाच्या ओटीवर आहे ते साठवलेलं. त्यातल्या प्रत्येक दोरीचा उपयोग त्याला ठाऊक आहे, आणि होडीवर जाताना तो त्यातलं मोजकंच नेतो. बर्फ, डिझेल, पाणी, शिधा, खलाशामागे एकेक पिशवी. माझ्या माळ्यावर होतं ते साठलेलं. खड्ड्यात पाणी साठतं तसं. कुणी ओतलं नव्हतं, कुणाला कळलंही नव्हतं. नव्या वर्षात घर मोकळं करायला निघणाऱ्याने आधी ही दोन ढिगांची वाटणी करावी. साठवलेल्याला हात लावू नये. गरिबाच्या घरातल्या साठवणीला तर पसारा म्हणूच नये.

उलट बाजूचं उदाहरणही आमच्या जिल्ह्यातच आहे. विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. १९१६ साली त्यांनी आपले शाळा-कॉलेजचे दाखले चुलीत टाकले आणि परीक्षेला मुंबईला जायचं सोडून वाटेत उतरून काशीची गाडी धरली. पुढे पवनारला पैशाशिवाय जगण्याचा, कांचनमुक्तीचा प्रयोग केला. वर्गात त्यांची गोष्ट सांगताना मी दाखल्यांचा भाग जरा भरभर आटपायचे. मुख्याध्यापिकेने मुलांना दाखले जाळायची गोष्ट रंगवून कशी सांगायची! तेवढी ओढ ज्याला लागली त्याने घर सोडावं, मी त्याला नमस्कार करीन. पण आपल्याला घर सोडायचं नाही, चालवायचं आहे. तिथे आहेर येणार, वाण येणार, नातवंडांची खेळणी येणार. सगळं नाकारणं म्हणजे माणसं नाकारणं होतं.

मग ठेवायचं काय आणि अडवायचं काय? याचं उत्तर मला वहीच्या ५७व्या नोंदीत मिळालं. आईचं पितळेचं पातेलं. काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं : 'भाऊबीज १९७४'. त्याच्या शेजारचा डबा : 'बारसे', खाली तारीख. परात : मामाचं नाव. वाचकांपैकी पन्नाशीच्या पुढच्यांना आठवत असेल, भांडं घेतलं की दुकानदार विचारायचा, नाव काय घालायचं? मग ते छोटं मशीन टर्रर्र करत काठावरून फिरायचं आणि आपण श्वास रोखून अक्षरं बघायचो. ती आवकेचीच नोंद होती. वेगळी वही लागत नव्हती, कारण प्रत्येक वस्तू आपली नोंद स्वतःच्या अंगावर घेऊन यायची. कुणाकडून, कशासाठी, कधी.

माझ्या सतरा प्लास्टिकच्या डब्यांवर फक्त कंपनीचं नाव आहे. ते कुणी दिले, मला सांगता येणार नाही. देणारीलाही आठवत नसेल, कारण तिने घाऊक बाजारातून पन्नास एकदम उचलले होते. नातं जपण्यासाठी म्हणून ते आले आणि नात्याचीच खूण त्यांच्यावर उरली नाही.

तेव्हा मी आनंदाच्या ठिणगीऐवजी ही कसोटी लावते : या वस्तूवर नाव घालावंसं वाटेल का? वाटलं, तर ती येऊ दे. न वाटलं, तर दारातच थांबव. साधं राहायचं म्हणजे किती वस्तूंत, याचा आकडा मला ठाऊक नाही. पण ज्यांची नावं पाठ राहतात, तेवढ्यांत भागतं असा माझा अनुभव आहे. वर्गात साठ मुलं असली तरी मला साठांची नावं यायची. चारशे आठांची येत नाहीत.

या वर्षासाठी मी चार गोष्टी ठरवल्या आहेत. उपदेश म्हणून नाही, कुणाला उपयोगी पडल्या तर घ्याव्यात.

पहिली, एका उधाणाची मुदत. मोबाइलवर काही आवडलं की वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचं आणि पुढच्या उधाणापर्यंत थांबायचं. अमावास्येला लिहिलं तर पौर्णिमेपर्यंत. साधारण पंधरा दिवस. मधल्या भांगात, म्हणजे मंद भरतीच्या दिवसांत, पाण्याची ओढ कमी होते तशी मनाचीही होते. जानेवारीतल्या पहिल्या पंधरवड्यात मी सात वस्तू लिहिल्या होत्या. त्यातली एकच आणली, गॅसची नळी.

दुसरी, जावक माणसाच्या नावानेच. 'कुणातरी गरजूला' अशी नोंद चालणार नाही. नातीचा पाळणा कोंढरीपाड्यातल्या एका घरी गेला, तिथे फेब्रुवारीत बाळ येणार आहे. ते मोठं झालं की पाळणा पुढे जाईल. पंचवीस वाट्या अंगणवाडीत विचारून दिल्या. जिच्यासाठी नाव सापडत नाही ती वस्तू घरातच राहील, माझ्या डोळ्यांसमोर, मला टोचत. खाडीकडे जाणार नाही.

तिसरी, सगळ्यांत मिळून एक. लग्नकार्याची मोठी भांडी पूर्वी गावकीची असायची. टोप, परात, पळ्या ज्याच्या घरी कार्य त्याने न्यायच्या, घासून परत आणायच्या. कुणाच्या घरी पन्नास पानांचा टोप नव्हता आणि कुणाचं काही अडत नव्हतं. आज शिडी, ड्रिल मशीन, प्रवासाची मोठी बॅग, वर्षातून एकदा लागणारं पुरणयंत्र घरोघरी आहे. बचत गटाच्या खोलीत असं एक कपाट आणि एक वही ठेवावी, हे मी महिलांच्या बैठकीत मांडलं आहे. वही मी सांभाळीन, हे सांगायलाच नको.

चौथी, संपणारं वाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू असतं. एका पाड्यात वीस घरी जाणारी बाई वीस वस्तू घेऊन परतते आणि तेवढ्याच वाटते. वाणाच्या मुळाशी आहे ते लुटणं, म्हणजे आपल्याकडचं भरभरून देणं. सुगडात काय असतं बघा : ऊस, बोरं, हरभरा, गाजर, तीळ. सगळं खाण्याचं, संपण्याचं. स्टील आणि प्लास्टिक मागाहून आलं. दुकानदाराचं नुकसान होईल, असं एक मैत्रीण म्हणाली. होईल थोडं. पण शेंगावाली, बोरंवाली, तिळाचे लाडू वळणारी याही विकणाऱ्याच आहेत.

आणि मुलाची ती चौदा खोकी? मी त्याला पुढच्या रविवारी बोलावलं, वही पुढे केली आणि म्हटलं, तुझ्या हाताने नोंदी कर. कधी आलं, कुठून आलं, शेवटचं कधी वापरलं. पाचव्या खोक्यावर त्याने पेन खाली ठेवलं. त्यात चार चार्जर, तीन हेडफोन आणि एकदाही न घातलेले बूट होते. "आई, हे मला कुणी घ्यायला लावलं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, रकाना भर, कळेल. तीन खोकी तो परत घेऊन गेला, आपणच नावं शोधून देतो म्हणाला. सायकलवर आता ह्यांचा टॉवेल वाळतो. ज्यूसर अजून माळ्यावर आहे, नोंद क्रमांक ३९६, नाव सापडत नाही.

यंदा संक्रांतीला मी वालाच्या शेंगा वाटल्या. पोपटीचे दिवस, शेंगा भरलेल्या. रद्दी वर्तमानपत्राच्या पिशव्या ह्यांनी चिकटवल्या. बायका पिशवीत डोकावून हसल्या. "बाई, हे वाण तर उद्यापर्यंत संपंल!" म्हटलं, संपू दे. त्याच रात्री पाड्यामागच्या मोकळ्या जागेत चार घरांनी शेंगा एकत्र करून मडक्यात भरल्या, वरखाली भांबुर्ड्याचा पाला, ओवा, मीठ, मध्ये अंडी. पोपटी लागली. भावाने मडकं उपडं केलं.

जाळ विझत आला तेव्हा शेजारच्या आजी काठी टेकत आल्या. सत्तरी ओलांडली तरी अजून बाजारात वाटा लावून बसतात. पदराखालून त्यांनी स्टीलची वाटी काढली. "तुला द्याची राहिली व्हती," म्हणाल्या. स्वतःच्या पैशातून आणलेली, एकच, माझ्यासाठी. माझे सगळे नियम मला आठवले, आणि मी दोन्ही हात पुढे केले.

दुसऱ्या दिवशी ती वाटी घेऊन उरणच्या बाजारात गेले. भांडीवाल्याने मशीन कुठे ठेवलंय ते शोधायला पंधरा मिनिटं घेतली. हल्ली कुणी नावं घालत नाही, म्हणाला. मी आजींचं नाव आणि 'संक्रांत' एवढं घालून घेतलं. घरी येऊन वही उघडली आणि लिहिलं. आवक : वाटी, एक. जावक : वालाच्या शेंगा, आठ किलो.